रात्रपाळीच्या सिस्टरांची झोप न मोडता वॉर्डची मीटिंग कशी ठरवावी

ड्यूटी लिस्टमध्ये नाइट जिथे संपते, त्या चौकोनात ‘नाइट ऑफ’ लिहिलेलं असतं. लिस्ट करणाऱ्याला तो दिवस सुट्टीचा दिसतो. मीटिंगची तारीख ठरवताना नजर तिथेच जाते आणि मनात येतं, बरं झालं, ही त्या दिवशी मोकळी आहे, येईल दुपारी. पण ती मोकळी नसते. त्याच दिवशी सकाळी आठपर्यंत ती वॉर्डात उभी असते आणि आपण जिला मोकळी समजतो तिची दुपार म्हणजे तिची रात्र असते. वॉर्डची इन्चार्ज झाल्यावर पहिली दोन वर्षं मी अशाच मीटिंगा लावल्या. कुणी काही बोललं नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं मी धरून चालले.

नंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, काही चुकल्या, काही जमल्या. त्यातून हाती आलेली पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे. इन्चार्ज, मेट्रन, सुपरवायझर यांच्यासाठी ती आहेच; पण आपल्या इन्चार्जकडे हा विषय काढू पाहणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरनाही ती उपयोगी पडेल. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे रात्री ८ ते सकाळी ८ अशी ड्यूटी धरली आहे. तुमच्याकडे आठ तासांच्या तीन पाळ्या असतील तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी रात्रपाळीचा दिवस कागदावर मांडा

मीटिंगची वेळ ठरवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि लागोपाठ नाइट करणाऱ्या सिस्टरचे चोवीस तास त्यावर लिहून काढा. सकाळी ८ ला ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणं, सुरू होतो, सव्वाआठला संपतो. घरी पोचायला नऊ-सव्वानऊ. अंघोळ, थोडं खाणं, घरातली दोन कामं, की अंथरुणाला पाठ लागेपर्यंत दहा वाजतात. दिवसाची झोप रात्रीइतकी लांबत नाही. उजेड आणि आवाज ही कारणं आहेतच, शिवाय शरीराचं घड्याळच त्या वेळी जागं करायला लागलेलं असतं. त्यामुळे सात-आठ तास झोपायचं ठरवूनही पाच-सहा तासांत जाग येते. म्हणजे दहा ते तीन-साडेतीन, एवढीच काय ती झोप.

आता त्याच कागदावर दुपारी दोनची मीटिंग लिहा. एकला निघायचं तर साडेबाराला उठायला हवं. झोप झाली अडीच तास. मीटिंग संपवून घरी परत यायला चार वाजतात आणि आठला पुन्हा ड्यूटी. ‘मग संध्याकाळी पडावं की थोडं’ असं लोक सहज म्हणतात, पण संध्याकाळी साधारण सहा ते नऊ या वेळात माणसाला झोप लागणं सगळ्यात अवघड असतं. दिवसभर साठलेल्या थकव्यावर मात करून शरीराचं घड्याळ त्या तासांत जागेपणाच धरून ठेवतं. म्हणून दुपारी मोडलेली झोप संध्याकाळी भरून निघत नाही. सिस्टर त्या तुटीसकट वॉर्डात येते आणि ती तूट पहाटे चारच्या सुमाराला, जेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि सावधपणाही तळाला गेलेला असतो, तेव्हा शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपावरचा आकडा वाचणाऱ्या डोळ्यांत उतरते.

दुसरा रिवाज म्हणजे ड्यूटी संपल्यावर, सकाळी साडेआठला मीटिंग घेणं. ‘आलेलीच आहे तर बसू दे तासभर’ असा त्यामागचा विचार. तोही कागदावर तपासा. आदल्या दुपारी साडेतीनला उठलेली सिस्टर साडेनऊला मीटिंगमधून सुटते तेव्हा तिला जागून अठरा तास झालेले असतात. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये मांडलेल्या प्रयोगात सतत १७ तास जागलेल्या माणसांची हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी रक्तात ०.०५ टक्के मद्य असणाऱ्यांइतकी घसरली होती. २४ तासांच्या जागरणानंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. त्या अवस्थेत आपण तिच्याकडून नवीन प्रोटोकॉलवर मत मागतो आणि मग तिला गाडी चालवत घरी पाठवतो. मीटिंगमध्ये टिकून राहायला तिने कॉफी घेतली असेल तर तीही अडचणच, कारण कॅफिनचा अर्धा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात. जागरणाचा एक तास वाढला आणि पुढची झोपही उथळ झाली.

हा कागद मी एकदा मीटिंगच्या खोलीतच लावला. वाद घालावा लागला नाही. दिवसपाळीच्या एक सिनियर सिस्टर एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला रात्री दोनला बोलावल्यासारखं झालं की.”

मीटिंग खरंच हवी आहे का

हे पटकन आवरते. फक्त कळवायचं असेल तर मीटिंग नको, लेखी सूचना आणि ओव्हरच्या वेळी वाचन पुरतं. मीटिंग ठेवायची ती ठरवण्यासाठी, शिकवण्यासाठी किंवा तक्रार ऐकून घेण्यासाठी. एवढी चाळणी लावली तरी महिन्याच्या मीटिंगा बऱ्याच कमी होतात.

तारीख ड्यूटी लिस्टच्या आधी ठरवा

सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो आणि याला खर्च काहीच नाही. साधारणपणे आधी लिस्ट निघते, मग मीटिंगची तारीख सुचते, मग कोण कुठे अडकलंय ते दिसतं. क्रम उलटा करा. तीन महिन्यांच्या मीटिंगच्या तारखा आधी टाका आणि लिस्ट त्यांच्याभोवती बांधा. लिस्ट भरतानाच बघा की मीटिंगच्या दिवशी कोण नाइट संपवून उतरणार आहे. त्या नावांसमोर लाल शाईने ‘बोलवायचं नाही’ लिहा. पहिली नाइट असणारी सिस्टरही सांभाळावी लागते, कारण रात्रभर जागायचं म्हणून ती दुपारी झोप काढून ठेवते.

एकाच मीटिंगच्या दोन बैठका करा

सगळ्यांना सोयीची एक वेळ शोधू नका. चोवीस तास चालणाऱ्या वॉर्डात ती नसते. शोधत बसलात की शेवटी जी वेळ सापडते ती दिवसपाळीच्या आणि ऑफिसच्या सोयीची असते.

त्याऐवजी एकच अजेंडा घेऊन दोन बैठका घ्या. दिवसपाळीची त्यांच्या ड्यूटीतच, दुपारची औषधं-जेवणं उरकल्यावर. रात्रपाळीची त्यांची ड्यूटी सुरू होण्याआधी, संध्याकाळी सव्वासात ते आठ. इन्चार्जने त्या दिवशी आपली वेळ उशिराची ठेवावी, म्हणजे दोन्ही बैठकांना तीच हजर राहते. रात्रीच्या बैठकीत दिवसपाळीची एक प्रतिनिधी आणि दिवसाच्या बैठकीत रात्रीची नोंद वाचणारी एकजण असावी.

पाऊण तासच का, याला कारण आहे. युरोपियन संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांतीचं किमान माप दिलं आहे. तुमच्याकडे तो कायदा लागू असो वा नसो, माप म्हणून ते चांगलं आहे. सव्वाआठला ओव्हर देऊन उतरलेली सिस्टर संध्याकाळी सव्वासातला परत आली तर बरोबर अकरा तास होतात. सातला बोलावलंत की अकरा मोडले. दुपारी दोनच्या मीटिंगने तर त्या विश्रांतीचे दोन तुकडे होतात. म्हणून पावणेआठ वाजले तरी विषय संपत नसेल तर तो पुढच्या बैठकीवर ढकला. ओव्हरच्या वेळेत मीटिंग घुसू देऊ नका. ओव्हरमध्ये सुटलेली एक गोष्ट रुग्णाला महागात पडते.

कायम रात्रपाळी करणाऱ्या वॉर्डात आणखी एक वाट आहे: इन्चार्जने रात्री यावं. तीन महिन्यांतून एकदा मी साडेदहाच्या सुमाराला जाते, रात्रीची औषधं आणि व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, ताप बघणं) झाल्यावर. निम्म्या सिस्टर बसतात, निम्म्या रुग्ण बघतात, वीस मिनिटांनी अदलाबदल. पहाटे तीन ते पाचच्या पट्ट्यात मात्र असलं काही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी इन्चार्जला सकाळी उशिरा यायची मुभा हवी, ती मेट्रनकडून आधीच मागून ठेवा. रात्री वॉर्डात बसल्यावर जे दिसतं ते कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही. स्टोअर बंद, लॅबची लिफ्ट बंद, आणि दिवसा तीनजणींनी वाटून घ्यायचं काम एकटीच्या अंगावर.

पहिली बैठक कुणाची, हे आलटूनपालटून

दोन बैठका केल्यावर मला वाटलं, झालं काम. सहा महिन्यांनी लक्षात आलं की दिवसाची बैठक नेहमी आधी होत होती आणि रात्रीच्या सिस्टरांसमोर तयार निर्णय येत होता. त्यांच्या वाट्याला फक्त मान डोलावणं. आता एका महिन्यात रात्रीची बैठक आधी, त्यानंतर दोन दिवसांनी दिवसाची. पुढच्या महिन्यात उलट. पहिल्या बैठकीतलं सगळं कागदावर ‘प्रस्ताव’ म्हणूनच लिहिलं जातं. दोन्ही बैठका झाल्यावर आणखी तीन दिवस तो कागद नर्सिंग स्टेशनवर राहतो, म्हणजे सुट्टीवर असलेल्यांनाही बाजूला मत लिहिता येतं. त्यानंतर निर्णय.

ही घाई न करण्याची सवय मला एका कपाटाने लावली. आमच्या वॉर्डात सक्शन कॅथेटर (स्राव ओढून काढायच्या नळ्या), फीडिंग ट्यूब वगैरेंचा जादा साठा एका कपाटात असे आणि महिनाअखेर मोजणी जुळत नसे. दुपारच्या मीटिंगमध्ये ठरलं, रात्री कपाटाला कुलूप आणि किल्ली सुपरवायझरकडे. खोलीत आम्ही दहाजणी होतो, दहाही दिवसपाळीच्या. पाच मिनिटांत एकमत झालं. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेल्या, एका रुग्णाच्या नळीत स्राव भरला, बेडजवळचे बारा नंबरचे कॅथेटर संपलेले, आणि कपाटाला कुलूप. सुपरवायझर दुसऱ्या इमारतीत. सिस्टरने जोडीदारणीला बेडपाशी उभं केलं आणि स्वतः शेजारच्या वॉर्डात धावत गेली. कॅथेटर मिळाले, रुग्ण सावरला. सकाळी ओव्हरच्या वहीत तिने एकच ओळ लिहिली होती: “किल्ली कुणाकडे असते ते आम्हाला माहीत नव्हतं.”

ती ओळ वाचून माझे हातपाय गार पडले. नंतर रात्रीच्या सिस्टरांना विचारलं तेव्हा उपाय चार मिनिटांत निघाला. प्रत्येक नंबरचे पाच कॅथेटर एका सीलबंद पिशवीत, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या उपचारांच्या ट्रॉलीच्या) खालच्या खणात. सील तुटलंय का ते दर ओव्हरला बघायचं. मोजणीही जुळायला लागली. हा उपाय आधीच्या मीटिंगमध्ये का नाही सुचला, तर ज्यांना तो सुचला असता त्या तेव्हा घरी झोपल्या होत्या आणि त्यांनी झोपणंच योग्य होतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ च्या परिचारिकांविषयीच्या १४९ क्रमांकाच्या करारात नर्सिंग सेवेच्या नियोजनात परिचारिकांचा सहभाग आणि त्यांच्याविषयीच्या निर्णयांत त्यांचा सल्ला, या दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. वरिष्ठांकडे विषय मांडताना हा आधार देता येतो. बैठकीला बोलावलं नाही आणि नंतर मिनिट्सवर, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तावर, सही घेतली, तर त्याला सल्ला म्हणता येत नाही.

ऑनलाइन मीटिंगने हा प्रश्न सुटत नाही

प्रवास वाचतो, हे खरं. पण दुपारी दोनला घरून मोबाइलवर हजर राहायचं म्हटलं तरी दोनला उठावंच लागतं. गजर लावून झोपलेल्या माणसाची झोप गजराच्या आधीपासूनच बिघडते, आणि गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं नीट चालत नाही. ऑनलाइन सोय ठेवा ती संध्याकाळच्या बैठकीसाठी, सुट्टीवर असलेल्यांना हवी असल्यास. रेकॉर्डिंग ठेवायचं तर छोटं ठेवा आणि रुग्णांची नावं त्यात येऊ देऊ नका.

व्हॉट्सॲप ग्रुपचंही सांगायला हवं. घरच्यांचा फोन येईल म्हणून बहुतेकजणी फोन बंद करत नाहीत, त्यामुळे सकाळी अकराला ग्रुपवर पडलेल्या वीस ‘ओके मॅडम’नी कुणाची तरी झोप मोडते. आम्ही दोन ग्रुप केले. एकात फक्त इन्चार्ज लिहिते, तेही संध्याकाळी सहानंतर. दुसरा गप्पांचा, तो सगळ्यांनी म्यूटवर ठेवायचा. नाइटहून उतरलेल्या सिस्टरला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच फोन करायचा नाही. ड्यूटी बदलायची गरज पडली तरी आधी इतर सगळी नावं संपवायची.

बैठकीचा वेळ ड्यूटीत धरा

सव्वासात ते आठ हा पाऊण तास कामाचा आहे. तो हजेरीत मांडा. पैसे मिळत असतील तर पैसे, नाहीतर जमवून कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी. पाऊण तासाच्या आठ बैठका म्हणजे सहा तास; कुणाचे किती झाले याची नोंद नसेल तर ते सहज बुडतात. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये मी एक पान ठेवते. प्रत्येकीच्या नावासमोर मीटिंगची तारीख आणि एक खूण: ड्यूटीत आली, ड्यूटीला लागून आली, की सुट्टी मोडून आली. झोप मोडून आली असा रकाना मुद्दाम ठेवलाय आणि तो कायम रिकामा राहिला पाहिजे. सुट्टी मोडणं तीन महिन्यांत एकदा, त्याहून जास्त नाही. हे पान भिंतीवर लागलं की कुणावर भार जास्त पडतोय ते सगळ्यांना दिसतं. माझ्या वॉर्डात तो भार बरीच वर्षं त्याच तीन-चार सिस्टरांवर होता, ज्या कधी नाही म्हणत नाहीत.

झोपेत असल्यामुळे जी आली नाही तिला ‘गैरहजर’ लिहू नका. वार्षिक अहवालात तेच शब्द पुढे जातात आणि काही वर्षांनी तिच्या बढतीच्या वेळी कुणाला आठवत नाही की ती तेव्हा नाइटवर होती. ‘दुसऱ्या बैठकीत हजर’ किंवा ‘विश्रांतीवर’ असा रकाना ठेवा. ट्रेनिंगलाही हाच नियम लावा. सीपीआरचा सराव, आगीची ड्रिल, नवीन पंपाची ओळख या गोष्टी रात्रीही व्हायला हव्यात. आग लागलीच तर रात्री माणसं कमी असतात आणि दारं बंद असतात.

काहीतरी घडलं तर

रात्री एखादी घटना घडली की सकाळी सगळ्यांना त्या सिस्टरशी बोलायचं असतं. डॉक्टर, सुपरवायझर, कधी नातेवाईक. ती दहा-साडेदहापर्यंत अडकते आणि एकोणीस तासांच्या जागरणाच्या आसपास लांबलचक स्पष्टीकरण लिहिते. तेव्हाचं लिहिणं तिच्यावर अन्याय करणारं असतं आणि माहिती म्हणूनही कच्चं असतं. इथे ठाम राहा. जाण्याआधी फक्त वस्तुस्थिती घ्या: किती वाजता काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं. दहा मिनिटं पुरतात. ती घरी कशी जाणार आहे ते विचारा, स्वतः गाडी चालवणार असेल तर दुसरी सोय बघा. सविस्तर बोलणं झोप झाल्यावर, तिला हवं असेल तर सोबत कुणीतरी घेऊन.

सूचना अशी लिहा

मोघम सूचनेने गोंधळ होतो. आमची साधारण अशी असते:

“वॉर्डची मासिक बैठक. रात्रपाळी: मंगळवारी संध्या. ७.१५ ते ८. दिवसपाळी: गुरुवारी दु. २.३० ते ३.१५. या महिन्यात रात्रीची बैठक आधी आहे. विषय: रात्रीचा औषधसाठा, नवीन पडताळणी तक्ता. दोन्ही बैठकांनंतर रविवारपर्यंत मत लिहिता येईल, निर्णय सोमवारी. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नाइट संपवून उतरणाऱ्यांनी दुपारी येऊ नये, विश्रांती घ्यावी. रात्रीच्या बैठकीचा पाऊण तास ड्यूटीत धरला जाईल.”

‘येऊ नये’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘आलात तर चालेल’ लिहिलं की प्रामाणिक सिस्टर डोळे ताणत येतेच.

आणि तुम्ही स्वतः नाइट करत असाल, इन्चार्जकडे बोलायचं असेल, तर तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका, कागद घेऊन जा. “सिस्टर, मागच्या तीन मीटिंगांच्या दिवशी माझी किती झोप झाली ते लिहिलंय, एकदा बघता का? संध्याकाळी सव्वासातला ठेवली तर आम्ही सगळ्याजणी येऊ.” शक्यतो दोघी-तिघींनी मिळून जा, आणि इन्चार्ज ओव्हरच्या गडबडीत नसताना. मेट्रनपर्यंत जायची वेळ आली तर सोबत आकडे न्या: सहा महिन्यांत किती मीटिंगा, किती झोपेच्या वेळेत, रात्रपाळीच्या किती सिस्टर हजर होत्या, त्यांचे किती विषय अजेंड्यावर आले. आमच्याकडे तो शेवटचा आकडा पहिल्या मोजणीत शून्य होता.

पुढच्या आठवड्याची दुपारी दोनची मीटिंग आधीच जाहीर झाली असेल, तर ती रद्द करायची गरज नाही. आज संध्याकाळी सहानंतर एवढंच कळवा की त्या सकाळी नाइटहून उतरणाऱ्यांनी येऊ नये, त्यांच्यासाठी तोच अजेंडा त्याच आठवड्यात सव्वासातला घेतला जाईल आणि तोवर काहीही पक्कं होणार नाही.